जग खोटे नसेल तर

चैतन्य हे मूळ आणि जग हा त्याचा विस्तार, हे विधान मराठी घरांत इतके ओळखीचे आहे की ते कुणी तपासून पाहत नाही. कीर्तनात ते येते, वर्षश्राद्धाला गुरुजींच्या बोलण्यात येते, दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांना धीर देताना येते. धीर देण्यापुरते ते चालूनही जाते. पण विचार म्हणून मांडायला घेतले की प्रश्न उभे राहतात. भूल दिल्यावर ते चैतन्य कुठे जाते? दगडात ते असेल तर दगडाला त्याचा पत्ता का नाही? आणि सगळी एकाच चैतन्याची रूपे असतील, तर एकाने दुसऱ्याचे पाणी तोडले हे वाईट कशावरून ठरवायचे?

तिसरा प्रश्न मला सर्वांत जड वाटतो. पहिल्या दोहोंवर जगभरची विद्यापीठे काम करत आहेत आणि करत राहतील. तिसरा मात्र आपल्या अंगणातला आहे. तो समोर ठेवूनच पुढची पुस्तके वाचावीत, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

वाचनाचा हा बेत भोपाळच्या अरेरा कॉलनीतल्या मराठी मंडळींसाठी आखलेला आहे, म्हणून थोडे या जागेविषयी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि भोपाळ त्याची राजधानी. नागपूरच्या सचिवालयातून, ग्वाल्हेर-इंदूरच्या कचेऱ्यांतून मराठी कारकून, इंजिनिअर, शिक्षक इकडे आले. काही हेवी इलेक्ट्रिकल्सच्या नोकरीने आले. जुन्या शहराच्या दक्षिणेला, उंचावर, नवी वस्ती उभी राहत गेली: ई-एक, ई-दोन करत ई-आठपर्यंत, आणि बसथांब्यांवरून पडलेले पत्ते, दस नंबर, साडेदहा नंबर, ग्यारह नंबर. साडेदहा नंबर हा पत्ता असू शकतो हे पुण्याहून आलेल्या पाहुण्याला पटवणे अद्वैत पटवण्याइतकेच कठीण जाते. इथल्या मराठी घरांत आजी ज्ञानेश्वरी वाचते आणि नातू तिच्याशी हिंदीत बोलतो. दोन्ही भाषा येतात याचा एक फायदा आहे, तो पुढे मुक्तिबोधांपाशी कळेल.

या शहराला आमच्या विषयाचा, म्हणजे चैतन्य आणि माणसाचा विकास यांच्या नात्याचा, आणखी एक संदर्भ आहे. ‘मानव विकास’ हे शब्द इथे सरकारी कागदावर फार लवकर उमटले. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने १९९० मध्ये महबूब उल हक यांच्या पुढाकाराने पहिला मानव विकास अहवाल काढला, आणि १९९५ मध्ये मध्य प्रदेशाने स्वतःचा काढला. भारतात असा अहवाल काढणारे ते पहिले राज्य. आयुर्मान, साक्षरता, बालमृत्यू, पिण्याचे पाणी यांचे जिल्हावार चित्र त्यात होते, आणि ते राज्याला भूषणावह नव्हते. याच १९९५ मध्ये राज्याच्याच विधानसभेच्या कायद्याने महर्षी महेश योगी वैदिक विश्वविद्यालय स्थापन झाले. त्यामागची भूमिका अशी की माणसाचा विकास चेतनेतून होतो. चेतना शुद्ध झाली की आरोग्य, बुद्धी, समाजातली शांती आपोआप येते. एका वर्षात एका राज्याने विकासाच्या दोन व्याख्या मान्य केल्या आणि त्या एकमेकींसमोर आल्या आहेत याची कुणाला अडचण वाटली नाही.

महेश योगींना हसण्यावारी नेणे सोपे आहे, आणि पुष्कळांनी ते केले. ऋषिकेशला १९६८ मध्ये बीटल्स आले, छायाचित्रे जगभर गेली, आणि माणूस फॅशनच्या खात्यात जमा झाला. पण अलाहाबाद विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकलेल्या, ज्योतिर्मठाच्या शंकराचार्य ब्रह्मानंद सरस्वतींच्या सेवेत राहिलेल्या या माणसाने एक गोष्ट नेमकी ओळखली होती. पाश्चात्त्य जगाला तत्त्वज्ञान नव्हे, प्रयोग दाखवावा लागतो. महेश योगी शिकवत त्या भावातीत ध्यानाच्या शारीरिक परिणामांवरचा रॉबर्ट कीथ वॉलेस यांचा निबंध १९७० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. ध्यानात बसलेल्या माणसाचा प्राणवायूचा वापर उतरतो, शरीर खोल विश्रांतीत जाते, असे त्यात मोजमापांसह मांडले होते. ध्यानाचा अभ्यास प्रयोगशाळेत करता येतो हे तिथून रुळले. पुढे वॉलेस यांच्याबरोबर काम केलेले हर्बर्ट बेन्सन १९७५ च्या पुस्तकात म्हणाले की हा परिणाम कुठल्या एका पद्धतीची मिरास नाही. शांत बसून एखादा शब्द मनात घोळवत राहिले तरी तो मिळतो. वारकऱ्याला यात नवल वाटणार नाही.

इथे एक उडी मारली जाते, ती वाचकाने डोळे उघडे ठेवून पाहावी. ध्यानाने रक्तदाब उतरतो, मन निवते, हा एक दावा. चैतन्य हाच विश्वाचा पाया आहे, हा दुसरा. पहिला खरा ठरला म्हणून दुसरा सिद्ध होत नाही. भौतिकशास्त्रज्ञ जॉन हेगेलिन यांनी ऐंशीच्या दशकात शुद्ध चेतना आणि पदार्थविज्ञानातले एकीकृत क्षेत्र या दोन्ही गोष्टी एकच असल्याचे मांडले. त्यांच्या बहुसंख्य व्यवसायबंधूंनी ते स्वीकारले नाही. शहरातल्या शेकडा एक माणसाने ध्यान केले की गुन्हे घटतात, हा दावाही असाच वादात राहिला. विज्ञानाची साक्ष काढायची तर उलटतपासणीलाही उभे राहावे लागते.

विज्ञानाच्या बाजूनेही फार ऐट मिरवण्यासारखे नाही. मेंदूत काय चालते ते कळत चालले आहे. पण ते चालताना आतून काहीतरी जाणवते हे का, याचे उत्तर नाही. डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९५ मध्ये (पुन्हा तेच वर्ष) यालाच ‘कठीण प्रश्न’ म्हटले. मेंदूच्या एखाद्या भागाला इजा झाली की माणसाचा स्वभाव पालटतो, भूल देणारा डॉक्टर ठरावीक मात्रेने जाणीव घालवतो आणि परत आणतो. चैतन्यवाद्याला हे टाळून पुढे जाता येत नाही. रेडिओ फुटला तरी रेडिओलहरी राहतातच, हे उदाहरण या ठिकाणी हमखास दिले जाते. मला ते कधी पटले नाही. रेडिओ फुटल्याने गाणाऱ्याचा स्वभाव बदलत नाही.

आता मराठीकडे येऊ, कारण प्रश्न आपल्याकडे फार आधी आणि फार बारकाईने लढवला गेला आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ.स. १२९० ची. त्यानंतरचा ‘अमृतानुभव’ ही कुणाच्या ग्रंथावरची टीका नाही. ज्ञानदेवांनी स्वतःच्या नावावर मांडलेले तत्त्वज्ञान आहे. दहा प्रकरणांच्या या ग्रंथातले सर्वांत मोठे प्रकरण सातवे, अज्ञानखंडनाचे. एवढी शाई कशावर खर्च केली? जग अज्ञानातून दिसते, ज्ञान झाले की मावळते, ही त्या काळची प्रतिष्ठित भूमिका. ज्ञानदेव तिची एकेक खिळी काढतात. अज्ञान आहे हे कळते कुणाला? कळणाराच असेल तर ते अज्ञान कसले, आणि कळतच नसेल तर ते आहे असे म्हणायचे कशाच्या जोरावर? ते आत्म्यातच राहते म्हणावे, तर आत्मा ज्ञानरूप. आत्म्याबाहेर राहते म्हणावे, तर बाहेर असे काही उरतच नाही. सरतेशेवटी उरते ते असे: जे दिसते ते चैतन्याचेच स्फुरण, चिद्विलास. दोरीवर भासणारा साप इथे नाही. खेळ आहे, आणि खेळ खराच खेळला जातो आहे.

ज्ञानदेव शांकर परंपरेतले की काश्मिरी शैवांच्या जवळचे, हा अभ्यासकांचा जुना वाद आहे. अमृतानुभवात शिवसूत्रांचा उल्लेख नावानिशी येतो, आणि शिवसूत्रांचे पहिलेच सूत्र चैतन्याला आत्मा म्हणते. नाथपंथाच्या वाटेने हा विचार गोदावरीच्या काठी पोचला असावा. वाद विद्वानांनी मिटवावा. मला वेगळीच गोष्ट लक्षणीय वाटते. जग खोटे म्हणण्याची सोय ज्याला सर्वांत जास्त होती, त्याने ती नाकारली. संन्याशाची पोरे म्हणून ज्या भावंडांना गावाने बाहेर ठेवले, त्यांना हा सगळा भास आहे असे म्हणून मोकळे होता आले असते.

हाच झगडा सहाशे वर्षांनी एका बंगाली माणसाने, एका मराठी योग्याच्या संगतीत, स्वतःच्या अंगावर घेतला. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली. अरविंद घोष तिथून बडोद्याला आले. तेरा वर्षे गायकवाडांच्या नोकरीत ते तिथे राहिलेले होते, मराठी त्यांना येत होती. धाकटा भाऊ बारीन याने विष्णु भास्कर लेले यांना ग्वाल्हेरहून बोलावून घेतले. सरदार मजुमदारांच्या वाड्यात माडीवर दोघे तीन दिवस बसले. लेल्यांची शिकवण दोन वाक्यांत मावेल एवढी होती: विचार तुझ्यात उपजत नाहीत, बाहेरून येतात, येताना दिसले की आत येण्याआधीच परतवून लाव. केंब्रिजमध्ये शिकलेल्या या माणसाने ते अक्षरशः केले आणि तीन दिवसांत त्यांचे मन निःशब्द झाले.

पुढे जे घडले ते लेल्यांना अपेक्षित नव्हते. ते भक्तिमार्गी. शिष्याला मात्र निर्गुण ब्रह्माचा अनुभव आला, आणि त्यात सारे जग पडद्यावरच्या सावल्यांसारखे पोकळ दिसू लागले. देशभर सभा घेणारा, राजद्रोहाच्या खटल्यातून नुकताच सुटलेला नेता, आणि त्याच्यापुढे देशच सावली झालेला! १९ जानेवारी १९०८ रोजी मुंबईत भाषण होते. डोक्यात एक शब्द नव्हता. लेले म्हणाले, श्रोत्यांना नमस्कार करून उभे राहा, वाणी येईल. आली. मला वाटते, आधुनिक भारतीय तत्त्वज्ञानात इतका महत्त्वाचा प्रसंग आणि इतका कमी बोलला गेलेला मराठी माणूस दुसरा नसेल. लेल्यांचे नाव आज बडोद्यातही फार जणांना ठाऊक नाही.

अरविंद त्या अनुभवापाशी थांबले नाहीत, हे महत्त्वाचे. मे १९०८ मध्ये त्यांना अटक झाली आणि वर्षभर अलीपूरच्या तुरुंगात ठेवले गेले. तिथे गज, भिंती, पहारेकरी, चोर-दरोडेखोर कैदी या सर्वांत वासुदेव दिसल्याचे त्यांनी सुटकेनंतर उत्तरपाड्याच्या भाषणात सांगितले. बडोद्यात जग पोकळ झाले होते, अलीपूरला ते भरून आले. पुढे पाँडिचेरीत ‘आर्य’ मासिकातून १९१४ पासून क्रमशः आलेला ‘द लाइफ डिव्हाइन’ हा ग्रंथ या दोन अनुभवांचा हिशेब आहे, असे मी तो वाचतो. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की जडात चैतन्य झाकलेले आहे, प्राणात ते हलते, मनात जागे होते, आणि मन ही शेवटची पायरी नाही. मानवाचा विकास म्हणजे या उलगडण्याला माणसाने हात लावणे. जगातून सुटका हे ध्येयच नव्हे. जगाचे रूपांतर हे ध्येय. ग्रंथ प्रचंड आहे आणि वाक्ये त्याहून लांब. कंटाळा आला तर तो वाचकाचाच दोष मानू नये.

इथपर्यंत वाचक मान डोलावत येईल. म्हणूनच मुक्तिबोध वाचायचे.

गजानन माधव मुक्तिबोध १९१७ साली ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरला जन्मले. घरची भाषा मराठी. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले मोठे कवी. गजानन लिहू लागले ते हिंदीत. उज्जैन, इंदूर, नागपूर, शेवटी राजनांदगाव, असे मास्तरकीच्या आणि वृत्तपत्री नोकऱ्यांच्या ओढाताणीतले आयुष्य. १९६४ मध्ये पक्षाघात झाला तेव्हा त्यांना भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात आणले, तिथून दिल्लीला नेले, आणि सप्टेंबरात ते गेले. पहिला स्वतंत्र कवितासंग्रह त्यांच्या हाती पडलाच नाही.

त्यांचे ‘कामायनी : एक पुनर्विचार’ हे १९६१ चे पुस्तक आमच्या विषयाला थेट भिडते. जयशंकर प्रसादांचे ‘कामायनी’ हे हिंदीतले महाकाव्य काश्मिरी शैवांच्या प्रत्यभिज्ञा दर्शनावर उभे आहे. मनू आणि श्रद्धा शेवटी हिमालयात पोचतात, जड-चेतन समरस होते, आणि अखेरच्या सर्गाचे नावच ‘आनंद’. मुक्तिबोधांचा आक्षेप असा की मनूने सारस्वत नगरात केलेला अत्याचार, तिथली प्रजा, तिथला संघर्ष, यातले काहीच न सुटता नायक डोंगरावर आनंदात लीन होतो. प्रश्न खाली नगरात राहिला. हे समरसतेचे तत्त्वज्ञान कुणाच्या सोयीचे आहे, असे ते विचारतात. मार्क्सवादी म्हणून ते विचारतात, हे खरे. पण नगरातल्या प्रजेने मार्क्स न वाचताही तेच विचारले असते. (मध्य प्रदेश सरकारने २०१६ मध्ये देशातला पहिला आनंद विभाग काढला. मुक्तिबोध असते तर त्यावर एक दीर्घ कविता नक्की झाली असती, आणि ती सोपी नसती.)

त्यांची ‘ब्रह्मराक्षस’ ही कवितासुद्धा सोबत वाचावी. ओसाड विहिरीत अडकलेला, सगळी दर्शने पाठ असलेला तो विद्वान अंगावरचा मळ काढण्यासाठी स्वतःला घासत राहतो आणि मळ जात नाही. मुक्तिबोध त्याची टवाळी करत नाहीत. त्याचे अपुरे राहिलेले काम पुढे न्यायला त्याचा शिष्य व्हावे, असे त्यांना वाटते. चैतन्याचे सगळे सिद्धांत पाठ असून एकही व्यवहारात न उतरणे, याचे इतके करुण चित्र मी दुसरीकडे वाचलेले नाही. हे मूळ हिंदीत वाचता येते, हा भोपाळकर मराठी माणसाचा फायदा.

मुक्तिबोधांचा प्रश्न अरेरा कॉलनीत पुस्तकी राहत नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट बाहेर पडले. हा वायू हवेपेक्षा जड; तो जमिनीला धरून, सखल भागातून, कारखान्यासमोरच्या जयप्रकाश नगरावरून, काझी कॅम्पवरून जुन्या शहरात शिरला. शहराच्या ५६ पैकी ३६ वॉर्ड पुढे वायुग्रस्त जाहीर झाले. दक्षिणेकडची उंचावरची नवी वस्ती त्याच्या मुख्य वाटेबाहेर राहिली. वारा कुठून वाहत होता, जमीन कुठे उतरत होती, कारखान्याची शीतकरण यंत्रणा का बंद ठेवली होती, गरिबांची घरे कुंपणाला लागून का होती, याचे कार्यकारण स्वच्छ सांगता येते. तरी चांगल्या शिकलेल्या घरांतूनही ‘ज्याचे त्याचे प्रारब्ध’ हे वाक्य ऐकू येते. जग हा भास आहे असे मानणाऱ्याला हे वाक्य परवडते. जग हाच चैतन्याचा विलास आहे असे मानणाऱ्याला ते मुळीच परवडत नाही. कारण मग त्या रात्री श्वास कोंडला तो कुणाचा, या प्रश्नाचे उत्तर त्याने आधीच देऊन ठेवले आहे.

म्हणून चैतन्य हा पाया आहे की नाही, यावर माझे मत विचाराल तर मी अजून कुंपणावर आहे. पण तो पाया मानणाऱ्यांतही दोन जाती आहेत एवढे मला दिसते. एकीला पाया सापडला की वरची इमारत दिसेनाशी होते. दुसरीला प्रत्येक खोलीतल्या माणसाची चौकशी करावीशी वाटते. ज्ञानदेव आणि अलीपूरनंतरचे अरविंद दुसऱ्या जातीचे. मुक्तिबोध पाया नाकारतात, पण चौकशी तीच करतात.

आणि १९९५ च्या अहवालाचे काय झाले, हेही सांगायला हवे. त्यातल्या साक्षरतेच्या चित्राने राज्य अस्वस्थ झाले आणि १ जानेवारी १९९७ पासून शिक्षण हमी योजना सुरू झाली. एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल आणि गावात ४० मुले असतील, आदिवासी भागात २५, तर गावाने मागणी केल्यापासून ९० दिवसांत सरकार शिक्षक देणार. शिक्षक बहुधा गावातलाच, मानधन तुटपुंजे, इमारत बऱ्याचदा कुणाची तरी ओसरी. योजनेत उणिवा होत्या, आणि स्वस्तात शिक्षण उरकण्याचा हा प्रकार अशी टीकाही झाली. पण पाटीवर पहिल्यांदा स्वतःचे नाव लिहिणाऱ्या मुलीच्या आत जे उजळते, त्याला चेतनेचा विकास म्हणायचे नसेल, तर महेश योगींच्या विश्वविद्यालयातल्या ध्यानालाही तो शब्द वापरू नये. मला स्वतःला दोन्हीकडे तो वापरायला हरकत नाही.

वाचनाच्या क्रमाविषयी दोन शब्द. सुरुवात ज्ञानदेवांच्या चांगदेव पासष्टीने करावी. पासष्ट ओव्या आहेत, एका संध्याकाळी होतात, आणि पाठोपाठ पुन्हा वाचता येतात. अमृतानुभवाचे पहिले प्रकरण, शिवशक्तीच्या जोडप्याचे, मोठ्याने वाचावे. त्यातली गंमत कानाला आधी कळते. सातव्या प्रकरणाला घाई करू नये. त्याआधी रा. द. रानडे यांच्या ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ या १९३३ च्या ग्रंथातला ज्ञानदेवांवरचा भाग चाळावा. रानडे अलाहाबादला तत्त्वज्ञान शिकवत होते त्याच काळात महेश योगी तिथे पदार्थविज्ञान शिकत होते, ही या यादीतली एक गमतीची शेजारओळ. अरविंदांचा ग्रंथ आरंभापासून धरण्यापेक्षा आधी उत्तरपाड्याचे भाषण वाचावे, ते छोटे आहे. मुक्तिबोध शेवटी, आणि ते वाचून झाल्यावर सातव्या प्रकरणाकडे परत यायची इच्छा झाली, तर त्यासाठी दोन बैठका राखून ठेवल्या आहेत.